वडिलांना कथेत आणताना

रामबाग, इंदूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी कथा दोनदा वाचली. दुसऱ्यांदा फक्त वडिलांचे संवाद वाचले. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ते चिडलेलेच आहेत, आणि चिडतात तेही पाठ्यपुस्तकातल्या मराठीत. आपल्या इंदुरात एरवी ‘भाजी वाढ गं’ म्हणणारा माणूस भडकला की ‘बस, बहुत हो गया’वर येतो, हे तुला मी सांगायला हवं का? तुझ्या कानांत ते बोलणं नक्की आहे. कागदावर ते आलं नाही, कारण लिहिताना तू वडिलांकडे पाहिलंच नाहीस. आपल्या रागाकडे पाहत राहिलास.

इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्सची जखमही घरचीच होती. १८२४ साली कर्जापायी त्याचे वडील लंडनच्या मार्शलसी तुरुंगात गेले, आणि १२ वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवू लागला. पुढे याच वडिलांवरून त्याने मिकॉबर रंगवला. गळ्यापर्यंत उधारी, तरी उद्या काहीतरी चांगलं घडेल म्हणून खूश. ती कादंबरी ‘डेव्हिड कॉपरफील्ड’, १८४९-५० मधली. काही वर्षांनी तोच बाप ‘लिटल डॉरिट’मध्ये पुन्हा आला. आता मात्र तुरुंगात पिचलेला, बाहेर पडल्यावरही मनाने तिथेच अडकलेला. एवढ्या मोठ्या लेखकाला एक बाप दोनदा लिहावा लागला. तू पहिल्याच कथेत निकाल लावून मोकळा झालास.

आईवरचा त्याचा राग अधिक खोल होता. वडील सुटल्यावरही पोराने कारखान्यात जात राहावं असं तिचं मत होतं, आणि ते तो कधी विसरला नाही. तिच्यावरून त्याने ‘निकोलस निकल्बी’ कादंबरीतली निकल्बीबाई लिहिली. गंमत नाही रे, त्या आईनेच पुढे त्याला विचारलं, अशी बाई खरोखर असू शकते का?

हे मी फार उशिरा वाचलं. त्याच्या आधी मी आमच्या काकूवर कथा लिहून बसलो होतो. एकत्र कुटुंब, साखरेच्या डब्याला कुलूप, किल्ली कमरेला. अंक आला तेव्हा काकूने दुपारी ओसरीवर बसून ती पूर्ण वाचली. स्वतःला ओळखलं नाही. चष्मा काढून म्हणाली, “या बाईला कुणी कधी विचारलं नाही का रे, तुला काय हवंय म्हणून?” मीही विचारलं नव्हतं. कथा तर छापून झाली होती.

म्हणून तुला एक काम सांगतो. वडील दुपारी घरात एकटे आहेत, एवढं एकच पान लिही. त्यात भांडण नको. चहा स्वतः करतात का, साखरेचा डबा सापडतो का, वाजणारा फोन बघून तसाच ठेवतात का, ते बघ. आणि आई! तुझ्या कथेत ती तीनदा येते, तीनही वेळा हातात ट्रे. भांडण पेटलं की ती कुठे उभी राहते, कुणाकडे बघते, हे तू लिहिलंच नाहीस. मला तर वाटतं, तुझी खरी कथा तिथेच आहे.

हे पान कथेत जाईल की नाही याची चिंता आता करू नकोस. घरी कुणाला दाखवूही नकोस. रविवारी ये आणि मला मोठ्याने वाचून दाखव, वडील बोलतात अगदी तसं.

तुझा,
काका