झाडं नाहीत म्हणून सोपं वाटलं?

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा, सध्या मिनेसोटात मेपल ग्रोव्हला असतो. घराजवळच्या पार्कात, झाडीत, माझा डिस्क गोल्फ (फ्रिस्बीसारखी चकती कमीत कमी थ्रोंमध्ये बास्केटमध्ये टाकायचा खेळ) बरा जमतो. मध्यंतरी मित्रांबरोबर क्लिअरवॉटरच्या जुन्या गोल्फ मैदानावर गेलो. एवढं मोकळं रान पाहून वाटलं, आज हात सोडून फेकू. झालं उलटंच, जवळपास प्रत्येक होलला थ्रो वाढले. वेग १२ चा (डिस्कवर छापलेला पहिला आकडा) नवा ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, घेतला होता, तोही सारखा डावीकडे. काय चुकतंय?

उत्तर : तो ड्रायव्हर गाडीच्या डिकीत ठेवा. अर्धं उत्तर इथेच संपलं.

तुम्ही गेलात ते मैदान पूर्वी ‘ईगल ट्रेस’ नावाचा गोल्फ कोर्स होतं. केल लिव्हिस्का या व्यावसायिक खेळाडूने तिथे डिस्क गोल्फ आणला आणि २०२० मध्ये तिथे प्रो टूरची स्पर्धाही झाली. लांबच्या टी, म्हणजे पहिला थ्रो करायच्या जागा, सव्वाशे मीटर सहज फेकणाऱ्यांसाठी असतात. तुम्ही-आम्ही साठ-सत्तर मीटरवाले. पुढच्या टीवरून खेळायला लाज कसली?

आता डावीकडे का जाते ते. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन, फेकलेली डिस्क वेग मंदावला की डावीकडे कलते. डिस्कवर छापलेल्या चार आकड्यांतला शेवटचा, म्हणजे फेड, तेच सांगतो. वेग १२ च्या डिस्कला तेवढा जोर मिळाला नाही, तर ती हातातून सुटतानाच मंदावलेली असते. झाडीत तुम्ही आखूड आणि बेताने फेकता, वारा झाडं अडवतात, त्यामुळे हे झाकून जातं. मोकळ्यावर डिस्क आपला स्वभाव पुरता दाखवते. वेग ५ ची मिडरेंज (मध्यम पल्ल्याची डिस्क) किंवा फार तर ७ चा फेअरवे ड्रायव्हर (जरा कमी वेगाचा ड्रायव्हर) घ्या.

खरा प्रतिस्पर्धी तिथला वारा. समोरून आला की डिस्कला हवेचा वेग जास्त लागतो, ती उचलली जाते आणि उजवीकडे वळायला बघते. अशा वेळी जास्त फेडची, जरा जड डिस्क काढा आणि खाली ठेवून फेका. पाठीमागून आला की ती लवकर बसते आणि डावीकडेही लवकर जाते. आडवा वारा सगळ्यात खोडसाळ. शेवटी डिस्कची डावी कड खाली झुकलेली असते, तेव्हा उजवीकडून येणारा वारा तिच्या पोटाखाली शिरून तिला दूर नेतो, डावीकडून येणारा वरून दाबून आपटतो. टीवर उभं राहिलात की चिमूटभर गवत उडवून बघा. आमचे अहो याला हसतात, आणि मग मला विचारतात कुठली डिस्क घेऊ.

आणखी एक फसवणूक नजरेची. मध्ये झाडं नसली की बास्केट जवळ दिसते. पाटीवरचं अंतर वाचा, डोळ्यांवर विसंबू नका. जुन्या गोल्फ कोर्सवर बास्केट कधी पूर्वीच्या ग्रीनच्या, म्हणजे गोल्फच्या होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, उंचवट्यावर असते. तिथे डिस्क उभी, स्वतःच्या कडेवर पडली तर उतारावरून गडगडत खाली जाते, म्हणून वाऱ्यात दहा मीटरवरून हावरेपणाने पट (थेट बास्केटमध्ये टाकायचा थ्रो) करण्यापेक्षा बास्केटपाशी आडवी टेकवा. गवतात गेली तर शोधायला तीनच मिनिटं, मग एक दंड आणि आधीच्या जागेवरून पुन्हा. मातकट रंगाच्या डिस्का घरी ठेवा.

प्रश्न : चांगलं गोल्फ मैदान मोडून हे का करतात?

उत्तर : मोडलेलं आधीच असतं. अमेरिकेत नव्वदच्या दशकात घरांचे प्लॉट खपावेत म्हणूनही भारंभार गोल्फ कोर्स बांधले गेले, आणि २००६ नंतर वर्षानुवर्षं उघडणाऱ्यांपेक्षा बंद पडणारे जास्त होते. ग्रीनची रोजची कापणी, पाणी, बुरशीनाशकं हा खर्च थोडाथोडका नसतो. डिस्क गोल्फला ग्रीनच लागत नाही. बास्केट रोवली, टी पॅड ओतले, बाकी गवत यंत्राने कापलं की झालं.

अडचण आखणाऱ्याची होते. कायमस्वरूपी पहिला डिस्क गोल्फ कोर्स १९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कात झाला. झाडांतल्या जागेत अडथळे फुकट मिळतात, गोल्फच्या मोकळ्या पट्ट्यात ते निर्माण करावे लागतात. मग दोऱ्या बांधून ओबी (हद्दीबाहेरची जागा) ठरवायची, गवत उंच वाढू द्यायचं, तळ्याच्या काठाला बास्केट न्यायची. मला स्वतःला दोरीचा अडथळा फारसा पटत नाही. झाडाला लागलेली डिस्क कुणालाही कळते, दोरीपलीकडे बोटभर गेलेली डिस्क वाद घालायला लावते.

प्रश्न : माझे सासरे कोल्हापूरहून आले आहेत, वय ६६, तरुणपणी क्रिकेट खेळायचे. गुडघा थोडा दुखतो. त्यांना नेऊ का?

उत्तर : जरूर न्या. धावत येऊन फेकायची गरज नाही, जागेवर उभं राहून चालतं. क्रिकेटवाल्यांना बॅकहँडपेक्षा फोरहँड (हात बाजूला ठेवून मनगटाच्या झटक्याने फेकणं) लवकर येतो, कारण पॉइंटवरून हात आडवा ठेवून चेंडू टाकायची सवय मनगटात असते. दीडशे ग्रॅमच्या आसपासची हलकी पटर (जवळून फेकायची संथ डिस्क) द्या. पहिल्या दिवशी नऊ होल पुरेत. उघड्या मैदानावर सावली शोधावी लागते, तेव्हा टोपी आणि पाणी घ्या. कुणी ‘फोर’, म्हणजे ‘डिस्क येतेय, सांभाळा’, असं ओरडलं की वर न बघता डोकं झाकायचं, हे मात्र त्यांना पहिल्या टीवरच सांगा.