गल्ली म्हणते, आईला आखाड्यावर नेऊन ठेवा

प्रश्न : आई 64 वर्षांची. कोरोनाची टेस्ट पॉझिटिव्ह आली. ताप आहे, दम नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून घरीच ठेवायला सांगितलं. गल्लीतले म्हणतात, शेतातल्या आखाड्यावर (खोपीत) ठेवा, नाहीतर आमच्या बोअरचं पाणी बंद. घर पत्र्याचं, दोन खोल्यांचं. काय करावं? (एक वाचक, ता. वसमत, जि. हिंगोली)

उत्तर : आखाड्यावर एकटं ठेवू नका. या आजारात ऑक्सिजन उतरला तरी कधी कधी दम लागत नाही. रात्री तिथं बघणार कोण?

जागेपणी दर चार तासांनी ऑक्सिमीटर लावा. आधी आईंना पाच मिनिटं निवांत बसवा. बोट गार नको, नखाला रंग किंवा मेंदी नको. आकडा ठरेपर्यंत थांबा आणि वहीत लिहा. 93 किंवा त्याखाली आला, धाप लागली, छातीत दुखलं, बोलण्यात गोंधळ झाला, तर 108 ला फोन करा. ताप 100 च्या वर तीन दिवसांहून जास्त राहिला, तरी डॉक्टरांना दाखवा.

आता खोली. पत्र्याखाली उकडतं म्हणून लोक रुग्णाच्याच खिडकीत कूलर बसवतात, आणि तिथली हवा दारातून घरभर येते. कूलर तुमच्या खोलीच्या खिडकीत लावा, आईंची खिडकी सताड उघडी ठेवा. मधल्या दाराच्या फटीशी अगरबत्ती धरून बघा: धूर आईंच्या खोलीकडे ओढला गेला पाहिजे. उलटा तुमच्याकडे आला, तर टेबल फॅन त्यांच्या खिडकीत बाहेर तोंड करून ठेवा. खिडकी शेजाऱ्यांच्या ओसरीवर उघडत असेल, तर तिथं कुणी बसू नये एवढं सांगून टाका.

बोअरच्या पाण्यातून कोरोना पसरत नाही. गॅस्ट्रोची साथ असती, तर शंका रास्त होती. भीती नळावरच्या गर्दीची आहे. सगळ्यांचं भरून झाल्यावर, मास्क लावून पाणी भरा.

लोकांचा राग उगाच नाही. 2020 मध्ये हातावर विलगीकरणाचा (घरीच राहण्याचा) शिक्का असलेले लोकही बाहेर फिरत होते. मे 2021 मध्ये राज्याने 18 जिल्ह्यांत गृह विलगीकरणच बंद करायला सांगितलं. म्हणून नुसता 'काळजी घेतो' हा शब्द चालत नाही. आशाताई आणि वॉर्डाच्या पंचायत सदस्याला अंगणात बोलवा, दोन शेजाऱ्यांनाही. आत कोण जाणार (एकच माणूस), किराणा कोण आणणार, दार कधी उघडणार, हे त्यांच्यासमोर ठरवा. आईंना वेगळं ठेवायचं ते टेस्टपासून किमान सात दिवस, आणि शेवटचे तीन दिवस औषधाशिवाय ताप नको. विलगीकरण संपल्याची तारीख आशाताईंकडूनच कळू द्या. तुमच्या तोंडून ऐकली तर गल्ली विश्वास ठेवेलच असं नाही.

वापरलेले मास्क कापून कागदी पिशवीत 72 तास ठेवा, मग घंटागाडीत टाका. फरशी पुसायला लिटरभर पाण्यात 30 ग्रॅम ब्लीचिंग पावडर रोज ताजी कालवा, प्लास्टिकच्या बादलीत. पुसल्यावर दहा मिनिटं तसंच राहू द्या. उघडी पडलेली, ओल लागलेली पावडर निकामी असते. आणि संडासाच्या ॲसिडमध्ये ती चुकूनही मिसळू नका. विषारी वायू निघतो.