खदान वाढतेय, विहिरीचे काय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गावाजवळच्या खडीच्या खदानी वाढवण्याचे प्रस्ताव आणि त्यांच्या आसपासच्या विहिरी, याबद्दल खान्देशातून आलेल्या प्रश्नांपैकी पाच निवडले आहेत.

प्रश्न : खदान आमच्या विहिरीपासून पाऊण किलोमीटर लांब आहे. एवढ्या अंतरावर काही होत नाही, असे सांगतात. खरे आहे का? (एरंडोल तालुका)

अंतराआधी खोली विचारा. समजा, खदानीची जमीन विहिरीच्या जमिनीपेक्षा 15 मीटर उंच आहे. विहीर 12 मीटर खोल आणि पाणी 7 मीटरवर. खदान 20 मीटर खणली तर तिचा तळ विहिरीतल्या पाण्यापेक्षा 2 मीटर वरच राहतो. तीच 30 मीटरवर नेली की तळ तुमच्या विहिरीच्या तळाच्याही 3 मीटर खाली जातो. कागदावर दोन्ही वेळा क्षेत्र तेवढेच दिसते. म्हणून ‘किती हेक्टर वाढणार’ याच्या जोडीला ‘शेवटची खोली किती’ हे विचारलेच पाहिजे.

पहिल्या उदाहरणातही निर्धास्त राहू नका. टेकाडाखाली पाण्याची पातळी सहसा विहिरीपेक्षा उंच असते आणि तिथूनच पाणी उताराने तुमच्याकडे पाझरते. आपल्याकडे वर मुरूम, त्याखाली भेगाळ काळा पाषाण. पाणी वाहते ते मुरमातून, भेगांतून आणि दोन थरांच्या सांध्यातून. खदानीने तोच सांधा कापला तर विहिरीकडे येणारे पाणी खड्ड्यात उतरते. खडकात भेगा कशा गेल्या आहेत त्यावर सगळे ठरते. पाऊण किलोमीटरवरची विहीर आटते आणि दोनशे मीटरवरची शाबूत राहते, असेही होऊ शकते. भिंतीतून ओल किंवा धार दिसत असेल, आणि खड्ड्यात उन्हाळ्यातही मोटर चालत असेल, तर खदान भूजलात शिरली असे समजा.

ती मोटर किती पाणी फेकते तेही मोजता येते. 200 लिटरचा पिंप 20 सेकंदांत भरला तर सेकंदाला 10 लिटर. आठ तासांत 2 लाख 88 हजार लिटर. माणशी 55 लिटरने पाच हजारांहून जास्त लोकांचे दिवसाचे पाणी झाले.

प्रश्न : नुकसान सिद्ध कसे करायचे? आमच्याकडे कसलीच नोंद नाही. (साक्री तालुका)

आजपासून ठेवा, विस्तार सुरू होण्याआधी. नंतरच्या नोंदीला तुलनाच उरत नाही.

कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. टेपला वजन बांधा, शेवटच्या मीटरला खडू फासा आणि पाण्यात सोडा. खडू भिजला तिथपर्यंतचा आकडा खुणेवरच्या आकड्यातून वजा केला की खुणेपासून पाणी किती खोल आहे ते मिळते. सकाळी, मोटर रात्रभर बंद असताना मोजा. संध्याकाळी मोटर बंद करून लगेच मोजलेला आकडा फसवतो, कारण विहीर तेव्हा भरून येत असते. दर पंधरा दिवसांनी तारीख, खोली, मोटर किती तास चालली आणि मधला पाऊस वहीत लिहा.

खदानीच्या बाजूच्या दोन-तीन विहिरी आणि तिच्यापासून लांबची, तशाच खडकातली एक विहीर, अशा सगळ्या धरा. लांबची विहीर फार महत्त्वाची. ती टिकली आणि जवळच्या खाली गेल्या, तर ‘यंदा पाऊसच कमी’ हे उत्तर चालत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. तुमच्या भागातल्या विहिरीचे जुने आकडे जिल्हा कार्यालयातून मागून घ्या.

प्रश्न : सुरुंगानंतर पाणी गढूळ येते. बोअरही सुरुंगामुळे गेली का? (पाचोरा तालुका)

गढूळपणा सुरुंगामुळे येऊ शकतो. हादऱ्याने भेगांतली बारीक माती सुटते आणि ती काही काळाने खाली बसते. कोरड्या दगडी बांधणीच्या विहिरीचे दगडही ढिले होतात. पण लांबची बोअर एका सुरुंगाने कोरडी पडणे अवघड आहे. आधी खड्ड्यातला उपसा आणि आजूबाजूच्या नव्या बोअर तपासा. चुकीच्या कारणावर तक्रार केली की खरे कारणही बाजूला पडते.

पाण्यातला नायट्रेट मात्र तपासाच. सुरुंगात अमोनियम नायट्रेट असते. ओल्या भोकात न जळलेला भाग पाण्यात विरघळतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम ही मर्यादा. युरिया आणि उकिरड्यानेही नायट्रेट वाढतो, म्हणून विस्ताराआधी एक नमुना आणि खदानीच्या वरच्या बाजूच्या विहिरीचा एक नमुना हवाच. मोटर दहा मिनिटे चालवून मगच स्वच्छ बाटली भरा.

प्रश्न : जुन्या खदानीत पाणी साचते. त्याने विहिरींना फायदाच होतो ना? (चोपडा तालुका)

कधी होतो, कधी नाही. तळाला भेगा असतील तर पाणी मुरते, पण क्रशरची भुकटी धुऊन खाली बसली की तोच तळ बंद होतो. उन्हाळ्यात रोज 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी एक हेक्टर पाण्यातून 80 हजार लिटर उडून जाते. शिवाय असा खड्डा म्हणजे भूजलाचे उघडे तोंड. त्यात कचरा, तेल, मेलेली जनावरे पडू देऊ नका.

प्रश्न : जनसुनावणीत काय बोलायचे? (शिरपूर तालुका)

सुनावणीआधी 30 दिवस नोटीस द्यावी लागते आणि त्या काळात खदानीच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा मसुदा बघायला मिळतो. त्यात तीन गोष्टी शोधा : शेवटची खोली, पावसाळ्यानंतरची पाणीपातळी, आणि विहिरींची यादी. तुमची विहीर यादीत नसेल तर तेवढेच लेखी द्या, गट नंबर आणि वहीतल्या आकड्यांसह. लेखी दिल्याची पोच घ्या. जवळजवळच्या खदानी छोट्या तुकड्यांत दाखवल्या असतील तर तेही मांडा, कारण 500 मीटरच्या आतल्या खदानींचे क्षेत्र एकत्र धरण्याचा नियम 2016 पासून आहे.

मागणी नेमकी ठेवा. तळ पाणीपातळीच्या वर थांबवा. उपसलेले पाणी मोजायला मीटर बसवा. पाणी नाल्यात सोडण्याआधी गाळ बसायला टाके बांधा. विहीर आटली तर किती दिवसांत पर्यायी पाणी देणार, ते पर्यावरण मंजुरीच्या अटीतच लिहून घ्या.

मंजुरी मिळाली तर तिची प्रत ग्रामपंचायतीत लागायला हवी, आणि दर वर्षी 1 जून व 1 डिसेंबरला अटी पाळल्याचा अहवाल सादर व्हायला हवा. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात अपील 30 दिवसांत करायचे असते. सबळ कारण दाखवले तर आणखी 60 दिवस मिळू शकतात.