क्वांत्रोऐवजी स्वस्तातलं ट्रिपल सेक चालेल का?

प्रश्न असा होता: ‘घरी दहा-बारा मित्र येणार आहेत, मार्गारिटा आणि साइडकार ही कॉकटेल्स करायचा विचार आहे. क्वांत्रो फार महाग पडतं. स्वस्तातलं ट्रिपल सेक घातलं तर काय बिघडतं? पाहुण्यांना कुठे कळतंय?’

क्वांत्रो आणि ट्रिपल सेक, दोन्ही संत्र्याच्या सालीची गोड मद्यं. स्वस्तातलं मार्गारिटात एक वेळ चालेल. साइडकारमध्ये चालणार नाही. झालं उत्तर.

पण तुमच्या त्या शेवटच्या तीन शब्दांवर मला बोलायचंय. ‘कुठे कळतंय’ हे ऐकून मी एक अख्खा सीझन उन्हात काढलाय.

मी चिपळूणचा. हॉटेल मॅनेजमेंट करून एका क्रूझवर बारला लागलो, भूमध्य समुद्रातला रूट. आमचा बार मॅनेजर मराठीच होता, म्हणून सुरुवातीला बरं वाटलं होतं. एक आजी रोज जेवणाआधी येऊन एकच साइडकार घ्यायच्या. ५० मिली कोन्याक (फ्रेंच ब्रँडी), २० क्वांत्रो, २० लिंबाचा रस, दणकून शेक, ग्लासात गाळायचं. तीन दिवस खूष होत्या. चौथ्या दिवशी एक घोट घेतला, ग्लास हळूच माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, ‘आज संत्रं कुठे गेलं?’

मी दुसरं करून दिलं. तेही तसंच. तेवढ्यात मॅनेजर आले, आजींची माफी मागितली आणि त्यांच्यासमोरच मला म्हणाले, ‘तुझा हातच बसलेला नाही. शेक लांबवतोस, पाणी होतं.’ मराठीत बोलले, पण सूर कळायला भाषा लागत नाही. कान तापले माझे.

रात्री बार बंद केल्यावर ती चौकोनी, विटकरी रंगाची बाटली पुढ्यात घेऊन बसलो. ग्लासात बर्फ टाकला, वरून बाटलीतलं ओतलं, थोडं हलवलं. नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. तिथेच कळलं.

का ते सांगतो. लहानपणी संत्र्याची साल पिळून भावंडांच्या डोळ्यांत फवारा उडवलाय ना? चुरचुरतं ते सालीतलं तेल. क्वांत्रोची सगळी कमाई त्या तेलावर. कडू आणि गोड, दोन्ही संत्र्यांच्या साली असतात त्यात. हे तेल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही. क्वांत्रो ४० टक्क्यांचं, त्यामुळे बाटलीत तेल गपगुमान विरघळून राहतं. बर्फावर ओतलं की पाणी वाढतं, थंडी वाढते, तेल बारीक थेंबांनी बाहेर पडतं आणि ग्लासात धुकं उतरतं. डेटॉल पाण्यात टाकल्यावर पांढरं होतं ना, तसंच. फक्त इथे हलकी दुधी झाक. स्वस्तातल्या बऱ्याच बाटल्या १५ ते २५ टक्क्यांच्या असतात. एवढ्या कमी अल्कोहोलमध्ये तेल मावतच नाही फारसं. मग उरतो साखरेचा पाक आणि वास.

शेजारच्या बारवर एक केरळी मित्र होता. त्याच्याकडच्या सीलबंद बाटलीतलं थोडं मागून आणलं. दोन ग्लास शेजारी शेजारी. एक धूसर, एक लख्ख. म्हणजे कोणीतरी रिकाम्या बाटलीत स्वस्तातला माल भरला होता, आणि स्टोअरची किल्ली कोणाकडे होती ते मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी तेच दोन ग्लास करून मॅनेजरना दाखवले. चव घ्यायचीही तसदी घेतली नाही त्यांनी. ‘पाहुण्यांना कुठे कळतंय? आणि तुला लॅब काढायला ठेवलाय का इथे?’ आठवडा संपायच्या आत माझी बदली पूल बारवर. उरलेला सगळा सीझन ब्लेंडरची घरघर आणि पिना कोलाडा. आजी एकदा डेकवर दिसल्या. व्हाइट वाइन पीत होत्या.

मला कळलं नव्हतं आणि त्यांना कळलं, हे खरं तर मला जास्त लागलंय. त्या आजी बारटेंडर नव्हत्या, कोणी चव-तज्ज्ञ नव्हत्या. तेव्हा ‘कुठे कळतंय’ म्हणू नका. लोक सांगत नाहीत, एवढंच. दुसरा ग्लास मागत नाहीत.

आता तुमचं गणित. स्वस्तातलं २० टक्क्यांचं धरू, टकीला आणि जिन ४० टक्क्यांची. मार्गारिटात ५० टकीला, २० ट्रिपल सेक, १५ लिंबू. शुद्ध अल्कोहोल २८ मिलीवरून २४ वर येतं, चव थोडी बसते, पण टकीला स्वतःच एवढी आरडाओरडा करते की निभावून जातं. व्हाइट लेडी नावाच्या कॉकटेलमध्ये ४० जिन आणि ३० क्वांत्रो. तिथे २८ वरून थेट २२, आणि जिनमागे लपायलाही जागा नाही. साइडकारमध्ये कोन्याक मऊ असतं, संत्र्याने धार द्यायची असते. धार गेली की लिंबू घातलेलं कफ सिरप उरतं.

बरं, क्वांत्रो हेही ट्रिपल सेकच, काही वेगळी जात नाही. फ्रान्समधल्या आँजे गावच्या एदुआर क्वांत्रोनी १८७५ साली काढलेलं. त्यांच्या घरचा मूळ धंदा मिठाईचा. लुआर नदीकाठच्या सोम्यूरचे कोंबिए मंडळी म्हणतात, ट्रिपल सेक आमचंच आधीचं, आमचा कारखानाच १८३४चा. तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ. ‘सेक’ म्हणजे फ्रेंचमध्ये कोरडं. ‘ट्रिपल’ म्हणजे तीनदा गाळलेलं, असं आमचे मॅनेजर नव्या पोरांना ठासून सांगायचे. त्या शब्दाच्या तीन-चार कथा आहेत आणि फ्रेंच लोकांतच एकमत नाही. पण बोलणार कोण.

कोणी ग्राँ मार्निए सुचवेल. तेही फ्रेंच, १८८०चं, पण त्यात कोन्याक असतं. रंग सोनेरी, अंग जड. मार्गारिटात मजा आणतं. व्हाइट लेडीत घालणाऱ्याशी मी बोलत नाही.

आणि कृपा करून व्होडकात नागपुरी संत्र्याच्या साली भिजवून ‘घरगुती क्वांत्रो’ करू नका. मी केलंय. वास सुरेख येतो, पण नागपुरी संत्रं मँडरिन जातीचं, त्यात कडू संत्र्याचा तो कडवटपणा नाही. निव्वळ गोळीसारखं लागतं.

न्यायाने बोलायचं तर त्या मॅनेजरवरही वरून खर्चाचा दट्ट्या असणार. ब्लेंडरमधल्या फ्रोझन मार्गारिटात किंवा सांग्रियात (फळं घातलेल्या वाइनमध्ये) स्वस्तातलं गेलं तर मलाही कळणार नाही. धुक्याची परीक्षाही शंभर टक्के नाही, बर्फ कमी पडला तर खरं क्वांत्रोही स्वच्छ दिसतं. त्यामुळे दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. पण स्वस्तातलं ओतायचं तर त्याच्याच बाटलीतून ओता, दुसऱ्याच्या नाही.

शिवाय ७०० मिलीच्या बाटलीत २० मिलीच्या मापाने ३५ ग्लास होतात. बारा जणांना दोन-दोन धरले तर २४. अजून ११ उरले. वर्गणी काढा, किंवा कोणी परदेशातून येत असेल तर ड्यूटी फ्रीतून मागवा, माणशी दोन लिटर आणता येते.

स्वस्तातली बाटली आणूनच ठेवली असेल तर मार्गारिटाच करा: टकीला ५५, ट्रिपल सेक १५, लिंबू १५, आणि शेवटी संत्र्याच्या ताज्या सालीचा फवारा ग्लासावर. साइडकार करणार असाल तर तिकडचं पिवळं लेमन आणि आपलं कागदी लिंबू एक नव्हे. आपलं जास्त आंबट, तेव्हा २०च्या ऐवजी १५वर थांबा. आणि रस ताजाच काढा. बाटलीतला रस वापरणार असाल तर ते क्वांत्रो माझ्याकडे पाठवून द्या.