मिठागरांच्या जागी बांधकाम दिसतंय, चुकलं कुठे?

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी एमए जिओग्राफीला आहे, राहते भांडुपला. प्रोजेक्टसाठी कांजूर-भांडुप-मुलुंडच्या खाडीकडच्या पट्ट्यात १९९० पासून जमिनीचा वापर कसा बदलला ते बघतेय. लँडसॅट उपग्रहांच्या फुकट मिळणाऱ्या इमेज घेतल्या, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लासिफिकेशन केलं, म्हणजे पाणी, बांधकाम असे जमिनीचे वर्ग पाडले, पण नव्या नकाशात बरीचशी मिठागरं बांधकाम म्हणून लाल येतायत आणि जुन्यात तीच जागा पाणी. तिथे बिल्डिंग नाहीये, मी हायवेवरून रोज बघते. काय करू? सबमिशन जवळ आलंय.

उत्तर: दोन्ही इमेज कुठल्या महिन्यातल्या आहेत ते लिहिलं नाहीयेस, पण नवी बहुतेक एप्रिल-मेची असणार आणि जुनी पावसाळ्यानंतर लगेचची. मिठागर वर्षभर एकसारखं दिसतच नाही गं. पावसाळा संपतो तेव्हा वाफ्यांत पाणी असतं, मग सीझन सुरू झाला की खाडीचं पाणी आत घेऊन आटवतात आणि मे येईपर्यंत पांढरं मीठ नि वाळलेली माती. हे मीठ आणि सिमेंटचा स्लॅब दोन्ही ऊन भरपूर परत फेकतात, त्यामुळे सॉफ्टवेअर दोघांना एकाच गटात टाकतं, त्याला फक्त प्रत्येक बँडमधले, म्हणजे प्रकाशाच्या एकेका पट्ट्यातले आकडे दिसतात, तिथे कोण काय करतंय ते दिसत नाही.

म्हणून एका तारखेवर निकाल देऊच नकोस. त्याच वर्षातली एक ऑक्टोबर-नोव्हेंबरची आणि एक मेची इमेज घे, जी जागा एकात पाणी आणि दुसरीत पांढरी ते मिठागर, बिल्डिंग दोन्हीकडे बिल्डिंगच राहते. जून ते सप्टेंबरच्या इमेज शोधत बसू नकोस, ढगच मिळतील. १९९० च्या नीट नाही मिळाल्या तर पुढचं-मागचं वर्ष चालेल. मध्ये २००५ पण घेच, त्या वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला आणि त्याच वर्षी मुंबई हायकोर्टाने खारफुटी तोडायला बंदी घातली, तेव्हा त्याच्या अलीकडे-पलीकडे काय बदललं ते बघण्यासारखं आहे. फक्त तेव्हाची इमेज लँडसॅट ५ ची घे, लँडसॅट ७ च्या इमेजमध्ये मे २००३ च्या बिघाडानंतर रिकाम्या पट्ट्या आहेत.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटी, आणि खाडीवर काम करताना ही फार महत्त्वाची. सॅटेलाइट सकाळी साधारण त्याच वेळेला येतो पण भरतीची वेळ रोज सरकते, मग एका तारखेला चिखलपट्टा उघडा आणि दुसरीला पाण्याखाली, आणि आपण लिहून मोकळे की खाडी बुजली. इमेजच्या माहितीत वेळ असते, ती भरतीच्या तक्त्याशी लावून बघ.

अचूकता तपासल्याशिवाय तुलना करू नकोस. दोन्ही नकाशे ८५ टक्के बरोबर असले आणि एकातल्या चुकांचा दुसऱ्यातल्या चुकांशी काही संबंध नसला तर बदलाचा नकाशा जेमतेम ७२ टक्के बरोबर येतो. नव्या नकाशासाठी काही ठिकाणं स्वतः जाऊन बघ, जुन्यासाठी सर्वे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे त्या भागाचा तपशीलवार नकाशा काढ आणि मिठागरात काम केलेल्या जुन्या लोकांशी बोल, कुठला वाफा कधी बंद पडला हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. बंद पडलेलं मिठागर पडीक जमिनीसारखं दिसतं, त्याला वेगळा वर्ग ठेव. हे मी एवढ्या कळकळीने सांगतेय कारण या जमिनींवर सगळ्यांचा डोळा आहे, पावसाचं आणि भरतीचं पाणी तिथे मावतं, आणि तिथे आधीच बांधकाम झालंय असं सांगणारा चुकीचा लाल नकाशा कुणाच्या हातात पडला तर तो पुराव्यासारखा वापरला जाईल.

सेंटिनल-२ या दुसऱ्या उपग्रहाच्या १० मीटरच्या (म्हणजे एक ठिपका १० मीटरचा) इमेज २०१५ पासून आहेत, छान दिसतात, पण लँडसॅटच्या ३० मीटरशी थेट लावू नकोस, आधी त्या ३० वर आण. आणि हेक्टर काढायच्या आधी प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) मीटरमध्ये मोजणारं यूटीएम झोन ४३ नॉर्थ आहे ना ते बघ, अक्षांश-रेखांशात ठेवलंस तर आकडे गंडतील.