राक्षसाच्या प्रेमकथेतली सुटका

तुझ्या प्रेमकथेचा पहिला मसुदा वाचला. नायक राक्षस आहे हे छान, पण तो परदेशी शिंगंवाला कशाला? आपण नाशिककर, शूर्पणखा, खर-दूषण, मारीच यांच्या कथा आपल्याच पंचवटीशी जोडलेल्या. शूर्पणखेची गोष्ट मुळात झिडकारलेल्या प्रेमाचीच, तिथून सुरुवात कर. नायकाच्या ताकदीचं नंतर बघ, आधी बंधन ठरव. मुंजा पिंपळ सोडत नाही, म्हणून तर त्याची भीती खरी वाटते.

सुटकेच्या प्रसंगाला मात्र भरपूर जागा दे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढतो, रामकुंड बुडतं, पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला, मग छातीला लागतं. आपल्याकडे गोदेचा पूर असाच मोजतात, त्यामुळे वेळ किती उरलाय हे वाचकाला वेगळं सांगावं लागणार नाही. नायिकेला नुसती खांद्यावर टाकून आणू नकोस गं, दोर तिलाच बांधू दे! आणि तिला वाचवताना त्याचं काहीतरी कायमचं जायला हवं. शेवटच्या पानावर ते त्याला परत देऊ नकोस, कितीही मोह झाला तरी.