भात कापल्यावर कोकणात उशिराचा गहू येईल का?

तुमचा प्रश्न असा: गुहागरकडे भात कापून डिसेंबरात कुणगा, म्हणजे भाताचं खाचर, मोकळा होतो, विहिरीला पाणी आहे, तर 'उशिरा पेरणीसाठी' लिहिलेलं गव्हाचं बी आणू का, आणि असा वाण मुळात करतात कसा?

मी गुहागर तालुक्यातलाच. पण काही वर्षं घाटावर, नाशिककडे, गव्हाच्या चाचण्यांच्या शेतात कामाला होतो. वाफे आखणं, ओंब्यांना चिठ्ठ्या बांधणं, पाखरं हाकणं.

हळवं म्हणजे लवकर पिकणारं आणि गरवं म्हणजे उशिरा पिकणारं भात आपल्याकडे पोरांनाही कळतं. वरकसाला, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीला, हळवं, पाणथळ जागेला गरवं, कारण भाताचा हिशेब पाण्याचा. गव्हाचा हिशेब उन्हाचा. घाटावर बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरतात. पुढच्या प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल घट धरतात आणि 15 डिसेंबरनंतर पेरूच नका सांगतात. उशिराच्या गव्हाचा दाणा भरायला लागतो तोवर ऊन तापलेलं असतं. पारा तिशीपार गेला की दाण्यात पिष्ट नीट साठत नाही, पीक घाईने पिकतं आणि दाणा चिमतो.

म्हणून संकरातून निवडत आणलेले गहू तयार झाले की तेच गहू शेजारी शेजारी दोनदा पेरतात, एकदा नोव्हेंबरात, एकदा डिसेंबरात. गंमत इथे आहे. डिसेंबरात चांगला दिसलेला गहू कधी कधी नुसताच हळवा असतो. लवकर ओंबीवर येऊन उन्हातून निसटतो, पण नोव्हेंबरात पेरला तर थंडीचे दिवस फुकट घालवतो आणि मागे पडतो. दुसरा एखादा खरंच ऊन सोसतो, ओंबी तापली तरी दाण्याचं वजन फारसं घटत नाही. आम्हाला हजार दाणे मोजायला बसवत ते यासाठीच. नोव्हेंबरचे हजार, डिसेंबरचे हजार, मग तराजू. डोळ्यांना मुंग्या यायच्या! निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा 'एनआयएडब्ल्यू 34' हा वाण उशिरा पेरणीसाठीच आला. नंतरचा 'एनआयएडब्ल्यू 1994', म्हणजे 'समाधान', दोन्ही वेळांना चालतो.

आता आपलं कोकण. हे वाण शेवटचं ऊन सोसतात, सुरुवातीची थंडी मात्र त्यांनाही लागते. फुटवे त्या थंडीवरच येतात. आपल्या किनाऱ्यावर जानेवारीतही दुपारी पारा तिशीच्या आसपास. गावी परतल्यावर मी हौसेने दोन गुंठे पेरून पाहिला, डिसेंबरातच. रोपाला जेमतेम दोन फुटवे, पन्नास दिवसांच्या आत ओंब्या बाहेर, दाणा बडीशेपेसारखा. त्यातलं निम्मं वानरांनी नेलं. उरलं त्याची बायकोने एकदा खीर केली, एवढीच मिळकत.

त्यामुळे डिसेंबरात मोकळ्या होणाऱ्या कुणग्यात गहू नको. ओल असेल तर कुळीथ, पावटा, आणि विहीर आहेच तर भुईमूग नाहीतर कलिंगड. तरीही हौस असेल तर गव्हाआधी भाताचा वाण बदला: त्या तुकड्यात हळवं भात लावा, म्हणजे जमीन ऑक्टोबरात सुटेल आणि गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पडेल. पहिल्या वर्षी दोन गुंठ्यांच्या वर जाऊ नका. उशीर झालाच तर बी वाढवा, हेक्टरी 125 किलो, म्हणजे गुंठ्याला सव्वा किलो, कारण फुटव्यांची उणीव रोपांनीच भरायची असते. आणि ओंबीत चीक भरायला लागला की राखणीला माणूस बसवा.